माझ्या अंगी तेल नाही

मी शेवाळ बोलतोय. चाड सरोवराजवळ वाळूच्या टेकड्यांमध्ये एक खारं तळं आहे, त्यावर पसरलेली निळसर हिरवी साय म्हणजे मी. सांगतोय त्यातला शब्दन् शब्द खरा. खोटं निघालं तर माझं तळं आटो. अर्थात तळं दर उन्हाळ्यात अर्धं आटतंच, तेव्हा शपथ फार मनावर घेऊ नका. शिवाय मला डोळे नाहीत, कान नाहीत. पाहिलं-ऐकलं म्हणेन ते जरा जपूनच घ्या.

माझा जन्म कधीचा ते विचारू नका. मी लांबलो की तुटतो, तुटलो की दोन होतो, आणि दोघेही स्वतःलाच थोरला म्हणवतात. आमच्या पूर्वजांनी या पृथ्वीला प्राणवायू दिला म्हणे. एवढ्या मोठ्या घराण्यातला मी, आणि जातो कुठे, तर माशाच्या कालवणात.

याकुरा ही तळ्यावरची वडीलधारी. वाऱ्यानं मला एका काठाला लोटलं की पाण्यात कधी उतरायचं ते तीच ठरवते. मग बायका रांगेनं उतरतात, भोपळ्याच्या भांड्यांनी मला उपसतात आणि काठच्या वाळूत केलेल्या खळग्यांत ओततात. पाणी जिरतं, मी उरतो. माझे चौकोन कापून उन्हात कडकडीत वाळवतात. त्या वड्यांना दिहे म्हणायचं. त्या विकून पोरांची शाळा चालते, घरात चहा-साखर येते.

पुरुषानं मात्र या पाण्यात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर तळं वांझ होतं. मला स्वतःला पुरुषांच्या पायांचा काही त्रास नाही, पण एवढा मान मला दुसरं कोण देणार? म्हणून मी खुलासा करत नाही.

बुकार हा याकुराचा भाचा. माझ्याच कालवणावर वाढला, राजधानीत जाऊन शेवाळाचा डॉक्टर झाला, आणि एक दिवस रिकाम्या बाटल्या घेऊन परत आला. शेवाळापासून गाडीचं तेल काढायचं त्याच्या मनात. पण तळ्यात उतरायची सोय नाही. तो बूट सांभाळत काठावर उभा राहिला आणि बाटल्या आत्यानं भरून दिल्या.

“एवढा शिकलास रे,” ती म्हणाली, “तरी पाणी भरायला आत्याच लागते.”

प्रयोगशाळेत माझी चैन होती. वर दिवा, खाली बुडबुडे. मग एके दिवशी बुकारनं माझ्या पाण्यातला नत्र बंद केला. अशी उपासमार झाली की काही शेवाळं घाबरून अंगात तेल साठवतात. शेजारच्या बाटलीतलं गोल गरगरीत हिरवं शेवाळ उपाशीपोटी लठ्ठ झालं. मी काय केलं? स्वतःचा निळा रंग खाल्ला, पिवळा पडलो, थोडी साखर गाठीला बांधली आणि तळाशी जाऊन बसलो. मला पिळून जे तेल निघालं त्यात काडेपेटीतली काडीही भिजली नसती.

प्रयोगशाळेच्या साहेबांना मात्र घाई. तेल निघालं की तळ्याला कुंपण, काठावर पंप, पंपावर पुरुष, सगळं ठरलेलं. बायकांनी मग कुठे जायचं, हे कुणी विचारलं नव्हतं. बुकारनं सांगितलं, याच्यात तेल नाही. साहेब म्हणाले, शेजाऱ्यात आहे ना? तळ्यावर इंजिन नेऊ, त्याचंच तेल घालू, शेवाळाशेवाळातला फरक पैसा लावायला येणाऱ्या पाहुण्यांना काय कळतोय. जमत नसेल तर प्रयोगशाळेतली तुझी खोली दुसऱ्याला देतो. बुकारनं शेजाऱ्याचं तेल डब्यात भरलं. मी त्याला अडवलं नाही, पण माझ्याकडून तशीही कुणाची अपेक्षा नव्हती.

ठरल्या दिवशी काठावर चटया अंथरल्या, पाहुणे बसले, मध्ये छोटं इंजिन. मी बाटलीतही होतो आणि तळ्यातही. तुटत राहण्याचा एवढाच फायदा. साहेबांनी बुकारच्या हातातल्या डब्याकडे बोट दाखवून सांगितलं, हे या तळ्याचं तेल. बायका पाण्यातून बाहेर आल्या. याकुरानं डबा उचलून वजन पाहिलं.

“बुकार, या पाण्यातली प्रत्येक बाटली मी माझ्या हातानं भरून दिली. त्या एवढ्याशा. हे डबाभर कुठून आलं?”

मावशी, ते शास्त्र आहे, साहेब मध्येच म्हणाले.

“मी भाच्याला विचारतेय.”

“आत्या, तुझ्या तळ्यात तेल नाही,” बुकार म्हणाला. मग पाहुण्यांकडे वळून त्यानं खणखणीत भाषण केलं. हे शेवाळ जाळायचं नाही, खायचं आहे. यात ताकद आहे, सुंदर निळा रंग आहे, आणि तळं ज्यांचं आहे त्यांचंच राहू द्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिन सुरू झालंच नाही, कुंपणही बारगळलं. आमच्या घराण्यात बाकीच्यांनी काहीतरी देऊन नाव काढलं, मी काही न देऊन काढलं.

बुकारची खोली गेली. आता तो एका शाळेत शिकवतो आणि सुट्टीत काठावर येऊन मला कापडातून कसं गाळायचं ते बायकांना शिकवतो, म्हणजे वड्यांत वाळू येणार नाही. बायका एक वडी चावून बघतात आणि म्हणतात, वाळूशिवाय चव नाही. मी पुन्हा हिरवा झालोय, वारा नेईल तिकडे जातो. मला खुशाल खा, रंगाला वापरा. जाळायचंच असेल तर शेजाऱ्याला विचारा.

आणि हो, ते भाषण मी रचलं. बुकार एक अक्षर बोलला नाही. आत्यानं विचारल्यावर त्यानं तिच्या हातातला डबा घेतला, झाकण काढलं आणि सगळं तेल पाहुण्यांसमोर वाळूत ओतलं. टाळ्याही कुणी वाजवल्या नाहीत. त्याही गोष्टीत मीच घातल्या. इतके दिवस उपाशी राहून पिवळा पडल्यावर कुणीतरी चारचौघांत माझं दोन शब्द कौतुक करावं, असं फार वाटत होतं.