दोनदा वळलेलं मूळ

बाप आणि लेक, दोघंही दातांचे डॉक्टर. वाकड्या मुळांची दाढ असली की इतर डॉक्टर हात टेकायचे आणि पेशंट बापाकडे धाडायचे. लेकीकडून त्याने एक नियम घोटून घेतला होता: वाकड्या मुळात कोरीच फाईल घालायची. फाईल म्हणजे मुळातली नळी साफ करणारी केसासारखी बारीक सुई. वापरलेली फाईल वळणावर दगा देते, तो बजावायचा.

पुढे त्याच्याच दाढेचं मूळ दोनदा वळलेलं निघालं, तेव्हा तिने नेमकी वापरलेली फाईल घातली. घरचाच तर पेशंट. टोक तुटून आत राहिलं.

"झालं का गं व्यवस्थित?" त्याने विचारलं.

"हो बाबा, एकदम."

त्यानंतर दोन वर्षं तो उजव्या बाजूनेच चावत राहिला, कधी चकार शब्द काढला नाही, आणि गेला. तिचं मन तिला अजून खात होतं.

आज भर दुपारी खुर्चीत एक अनोळखी म्हातारा होता. डावीकडची, खालची, शेवटची दाढ. "आजवर कुणी हात लावलेला नाही हिला," तो म्हणाला. दाढ खरंच धडधाकट होती, ना भोक, ना सिमेंट. तिने एक्स-रे काढला.

मूळ दोनदा वळलेलं होतं. दुसऱ्या वळणावर तीन मिलिमीटरची पांढरी रेघ होती.

मशीनचा घोळ असेल म्हणून तिने दुसरा काढला, मग तिसरा. खणाच्या तळाशी दडवलेला बाबांचा एक्स-रे शेजारी धरला. तसूभर फरक नव्हता.

सांगून टाकावं, असं तिला फार वाटलं. पण सांगणार काय? तुमच्या दाढेत माझ्या फाईलचं टोक आहे म्हणून? लोक वेड्यात काढतील, दवाखान्याला कुलूप लागेल. तिने बाबांचा एक्स-रे परत खणात सारला.

"मूळ जरा वाकडं आहे, आजोबा. बाकी सगळं व्यवस्थित."

म्हाताऱ्याने सावकाश तोंड मिटलं आणि डावा गाल चाचपला.

"तेव्हाही असंच म्हणाली होतीस, बाळ," तो म्हणाला, आणि चपला घालून निघून गेला.

ती हातमोजे न काढताच बसून राहिली. नर्सने पुढचा पेशंट आत सोडला. चाळिशीची एक बाई होती.

"डावीकडची, खालची, शेवटची," बाई खुर्चीत टेकत म्हणाली. "आजवर कुणी हात लावलेला नाही हिला."