बॉनेटखालचा बडबड्या

मित्रांनो, मी एक जुना एअर फिल्टर आहे. बॉनेटखाली राहतो, त्यामुळे मला फारसे कोणी ओळखत नाही. इंजिनाला पेट्रोल लागते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याहून कितीतरी जास्त हवा लागते आणि ती मी गाळून देतो. सुती कापडाचे चार पदर, दोन्ही बाजूंनी बारीक तारेची जाळी आणि वर तेलाचा हलका हात, एवढाच माझा देह. माझ्या खोक्यावर लाल अक्षरांत 'ताकद वाढवा' असे छापले होते. तेवढ्यावर मी स्वतःला फार शहाणा समजू लागलो.

मला एका गॅरेजवाल्याने विकत घेतले. त्याची थोरली बहीण त्याला बारक्या म्हणे. बारक्याचे वय सत्तावन्न आणि वजन शंभरावर, पण बहिणीपुढे तो बारक्याच. या ताईंची दोन दारांची निळी स्पोर्ट्स कार होती. दर वर्षी त्या घाटातल्या शर्यतीत उतरत. तिथे एकेक गाडी सोडून वेळ मोजतात. साठी उलटलेल्या चालकाने चाचणीत तो घाट तीन मिनिटांच्या आत चढलाच पाहिजे, नाहीतर शर्यत कायमची बंद, असा क्लबचा नियम होता. ताई बासष्ट वर्षांच्या होत्या आणि सरावात त्यांना तीन मिनिटे चार सेकंद लागत होते. चाचणीला तीन आठवडे उरले होते. तेहेतीस वर्षे जिवापाड जपलेली गोष्ट हातची जाणार, या काळजीने त्यांचे जेवणही सुटले होते.

बारक्याने निदान केले की गाडीचा श्वास कोंडतो आहे. त्याने इंजिनावरचा जुना बंद डबा काढला, रुंद अॅल्युमिनियमचा पाइप बसवला आणि त्याच्या तोंडावर मला उघडाच लावला. मग काय विचारता! अॅक्सिलरेटर दाबला की मी असा घुमायचो, की शेजारचा टायरवाला काम टाकून बघायला यायचा. वहिनींनी माझे नाव बडबड्या ठेवले. वहिनी म्हणजे बारक्याची बायको. गॅरेजात सीटची कव्हरे त्या शिवत आणि स्टॉपवॉचही त्यांच्याच हाती असे.

आधी बारक्या स्वतः घाट चढून आला. जुन्या डब्यासह त्याला तीन मिनिटे पाच सेकंद लागायचे, माझ्यासह आठ लागले. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे म्हणून त्याने मला काढायला पाना उचलला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वहिनींनी पाइपला हात लावला आणि चटकन मागे घेतला. हा इंजिनाला चिकटून गरम हवा ओढतो आहे, शेगडीला नाक लावून कोणाला धाप लागणार नाही, असे त्या म्हणाल्या. खरेच होते ते. गरम हवा विरळ असते आणि मी इंजिनाला तीच पाजत होतो.

काढण्याआधी एक फेरी मारते, असे म्हणत ताई गाडीत बसल्या. त्या परत आल्या तेव्हा वहिनींनी घड्याळ दोनदा पाहिले. तीन मिनिटे एक सेकंद.

"यांच्या हातात गाडी मंदावली आणि वन्सं, तुमच्या हातात धावली," वहिनी म्हणाल्या. "गाडी तर तीच आहे."

ताईंनी इंजिन बंद केले. मग म्हणाल्या, "मला इंजिन ऐकू येत नाही रे, बारक्या. दोन वर्षं झाली. गिअर अंदाजानं टाकते. वळणावर इंजिनाच्या वेगाच्या काट्याकडे बघायची भीती वाटते. आज याच्या आवाजानं सगळं कळत होतं."

बारक्याने हातातला पाना खाली ठेवला. ताईला आता फार मोठेपणा आलाय, हाका मारल्या तरी ओ देत नाही, असे तो चारचौघांत चिडवत असे. दुखणे हल्याला आणि औषध पखालीला, असे त्याच्या हातून झाले होते. त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याभोवती पत्र्याचा डबा केला आणि पुढच्या जाळीपासून माझ्यापर्यंत एक नळ आणला. मला बाहेरची गार हवा मिळाली. बारक्याची वेळ तीन मिनिटे दोन सेकंदांवर आली. पण डब्याने माझे तोंड बंद केले होते. चपळ झालेल्या गाडीत ताईंचा गिअरचा अंदाज आणखीच चुकू लागला आणि पुन्हा तीन मिनिटे चार सेकंदच लागले. गाडी छान झाली आहे, मीच संपले, असे म्हणून त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. चाचणी चार दिवसांवर आली होती.

बारक्याने ती किल्ली उचलली नाही. तो गाडीखाली शिरला. त्याने माझ्या पाइपला बोटभर जाडीची रबरी नळी जोडली, ती इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून आत नेली आणि ताईंच्या कानाशी, सीटच्या वर आणून बसवली. मध्ये पातळ रबराचा पडदा लावला, म्हणजे हवा अडेल आणि आवाज जाईल. डॉक्टर छाती तपासतात ना, अगदी तशी नळी.

चाचणीच्या दिवशी मी जीव ओतून श्वास घेतला. गिअर वेळेवर पडत गेले आणि एकही वळण चुकले नाही. वर वहिनींनी घड्याळ दाखवले, ते दोन मिनिटे सत्तावन्न सेकंद होते. ताईंनी बारक्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि मग त्याच्याच खांद्यावर डोके ठेवून रडल्या.

त्यानंतर ताई चार वर्षे शर्यतीत उतरल्या आणि आपल्या मर्जीने थांबल्या. मी आता झिजलो आहे. अजून वहिनी मला साबणाच्या पाण्यात हलकेच धुतात, सावलीत वाळवतात आणि बेताने तेल देतात. या घराचे उपकार माझ्याने फिटणार नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला कमी ऐकू येत असेल, तर एवढे लक्षात ठेवा. त्या नळीने माझा आवाज जराही वाढवला नव्हता, फक्त ताईंच्या कानाजवळ नेला होता. बारक्या आता गॅरेजच्या दुसऱ्या टोकावरून ओरडत नाही. हात पुसतो, खुर्ची ओढतो आणि ताईंच्या शेजारी बसून बोलतो.