कोरेगावहून आलेला फोन

समाधान जाधव बहारीनला अस्कर गावाच्या बाजूला एका कारखान्यात टेक्निशियन. जाधव हे आडनाव मोठं सोयीचं. ऐकणारा आपल्या मनानं काय ते ठरवून घेतो, आणि तिथल्या अकरा वर्षांत समाधाननं कुणाचा गैरसमज दूर केला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एक जानेवारीला सकाळी झिंज भागातल्या एका हॉलवर मुलांच्या ऑर्केस्ट्राची तालीम होती. त्याची बारा वर्षांची कस्तुरी मोठा ड्रम वाजवणार होती, तोही मूळ रचनेतल्या तोफांच्या जागी. रचना रशियन; नेपोलियनच्या फौजेला परतावं लागलं, त्या युद्धाच्या आठवणीची. निवेदन समाधानकडे होतं. त्यानं वाचून दाखवलं, की युद्ध १८१२चं, संगीत लिहिलं अडुसष्ट वर्षांनी, तेही कुणी सांगितलं म्हणून. खुद्द संगीतकाराला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. तरी लोकांनी ते डोक्यावर घेतलं, कारण माणसाला आपल्या लढाईची खूण लागते. हे शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं होतं आणि त्यावर तो जाम खूष होता.

कार्यक्रम बसवणारे राजन पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मनानं वाईट नाहीत, पण जीभ सैल.

"खूण कशाची, तेही बघावं," ते हसत म्हणाले. "आज आपल्याकडे कोरेगावला बघा. खांब इंग्रजांनी बांधलेला, आणि सलाम ठोकायला लाखो लोक जातात. जाधव, लाज नको वाटायला?"

बोलायची वेळ हीच होती. ज्यांची सावलीही गावाला चालत नव्हती ते महार शिपाई दोनशे वर्षांपूर्वी तिथं लढले, मेले, त्यांची नावं त्या दगडावर आहेत, आणि माझे वडील दर वर्षी तिथं जातात. एवढंच तर सांगायचं होतं.

"खरंय, राजनसाहेब," समाधान म्हणाला आणि हसला. गप्प राहिला असता तरी निभावलं असतं, पण मेल्याला हसायचं होतं.

कस्तुरी ड्रमशेजारीच उभी होती. दोन वर्षांपूर्वी आजोबांनी तिचं बोट धरून तिला तीच नावं दाखवली होती.

 गाडीत ती भांडली असती तर बरं, असं त्याला वाटत होतं.  हमद टाउनच्या पहिल्या सर्कलशी त्याच्या वडिलांचा, केशवरावांचा, कोरेगावहून व्हिडिओ कॉल आला, तो कस्तुरीनं घेतला. म्हाताऱ्याच्या मागं निळे झेंडे, ही गर्दी. निवेदनाचं त्यांना ठाऊक होतं. समाधाननंच हौसेनं कळवलं होतं.

"जयभीम, बाळा. तुझ्या बाबानं आपल्या स्तंभाचं सांगितलं का तिथं?"

एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी पोर बापाकडं बघत राहिली. मग शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "हो आजोबा. सगळ्यांना सांगितलं."

केशवरावांनी ते लगेच आजूबाजूच्या चार माणसांना ऐकवलं, आणि तिला फोन बापाकडं द्यायला सांगितलं. समाधाननं गाडी कडेला घेतली. पडद्यावर वडिलांचे डोळे भरून आले होते.

"जयभीम, अण्णा," तो कसाबसा म्हणाला.

कस्तुरी खिडकीबाहेर बघत होती. तिला खोटं बोलता येतं हे त्याला आजच कळलं, आणि ती ते कुणाकडून शिकली, हेही.