ओसरीवरची हंसीण आणि दिव्यांचे झाड

मित्रांनो, मी एक जुनी सिमेंटची हंसीण आहे. बदक नव्हे. ओहायोतल्या आमच्या गल्लीत निम्मे लोक मला बदक म्हणतात आणि मी ऐकून घेते, कारण सिमेंटच्या प्राण्याला दुसरा इलाज नसतो. पण तुम्ही शिकलेली मुले आहात, म्हणून आधीच सांगून ठेवते. माझी मान पाहा. बदकाला असली मान असते का?

माझा जन्म एका शेताच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साच्यात ओले सिमेंट ओतायचे, वाळू द्यायचे, साचा उघडायचा, की आमच्यातली एकेक जण बाहेर. चोचीला नारिंगी रंग लागला आणि मी बहिणींबरोबर रस्त्याच्या कडेला गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी राहिले. तिथून मला लोर्ना केसलर नावाच्या बाईने उचलले. म्हणजे तिने बोट दाखवले आणि उचलले तिच्या नवऱ्याने, ड्वेनने. ड्वेन शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक. इंजिने उचलणारा माणूस, पण मला गाडीत ठेवताना त्याच्या तोंडून असा शब्द निघाला, की लोर्नाने त्याला तिथल्या तिथे देवाची माफी मागायला लावली.

लोर्नाने माझे नाव मिल्ड्रेड ठेवले. ओसरीवर, पायऱ्यांच्या डाव्या हाताला, रस्त्याकडे तोंड करून मला बसवले आणि शिवणयंत्र बाहेर काढले. आमच्याकडे ओसरीवरची हंसीण उघडीबोडकी ठेवली, तर लोक घरच्या बाईला नावे ठेवतात. लोर्नाने कुणाला तशी संधी दिली नाही. पावसाला पिवळा रेनकोट, उन्हाळ्याला गवती टोपी, फुटबॉलच्या शनिवारी लाल जर्सी, भोपळ्यांच्या दिवसांत, म्हणजे हॅलोवीनला, चेटकिणीचा काळा झगा आणि नाताळात लाल मखमलीचा कोट, त्याला पांढऱ्या लोकरीची कड. टपालवाला मला सलाम करायचा. चर्चमधल्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून माझे कपडे बघायला यायच्या. हे मी गर्वाने सांगत नाही. थोडे गर्वाने सांगते.

पण सुखाचे दिवस टिकत नाहीत. ड्वेन निवृत्त झाला.

निवृत्त माणूस आणि मोठे गॅरेज एका घरात असले, की तिथे काहीतरी उगवतेच. पहिल्या नाताळात त्याने छपराच्या कडेला दिव्यांची एक माळ लावली. इथवर ठीक होते. मग त्याने संगणकावर कुठल्यातरी गृहस्थाचे घर पाहिले. त्या घराचे दिवे गाण्याच्या ठेक्यावर नाचत होते. तिथून आमचे ग्रह फिरले.

तुम्हाला वाटेल, दिवे टांगले आणि बटण दाबले की झाले. तसे नसते, मित्रांनो. गाण्याच्या प्रत्येक ठेक्याला कुठल्या दिव्याने कुठला रंग दाखवायचा, हे एकेका दिव्याला आधी समजावून सांगावे लागते, आणि दिवे हजारोंनी. नाताळची तयारी जुलैत सुरू व्हायची. बाहेर उकाड्याने जीव जातोय आणि ड्वेन गॅरेजमध्ये बनियनवर बसून, कानाला हेडफोन लावून गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकतोय. घरात गाणे ऐकूच यायचे नाही. ऐकू यायचे ते त्याचे पाय आपटणे.

गॅरेज भरले तेव्हा लोर्नाची गाडी बाहेर निघाली आणि बर्फात उभी राहू लागली. मग जेवणाचे टेबल भरले. टर्की भाजायच्या मोठ्या भांड्यात वायरींची वेटोळी जाऊन बसली. वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या धुण्याच्या यंत्रात सापडल्या, पलंगात सापडल्या, एकदा तर बटाट्याच्या सॅलडमध्ये सापडल्या, आणि तेव्हा घरी पाद्रीबाबा जेवायला होते.

त्या वर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीला लोर्नाने सगळ्या पाहुण्यांसमोर चमचा खाली ठेवला आणि ती शांतपणे म्हणाली, "ड्वेन, माझी गाडी गॅरेजमध्ये येईल, त्या दिवशी मी तुझी रोषणाई बघेन. तोवर मी ढुंकून बघणार नाही."

आणि तिने खरोखरच पाहिली नाही. घरात राहून ती दिसतही नव्हती. आतून दिसायची ती लाकडी चौकटींची उघडी पाठ, लोंबणाऱ्या वायरी आणि लाल-हिरवे, लाल-हिरवे होणारे पडदे. गाणेही ऐकू यायचे नाही. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून ड्वेनने एक चिमुकले रेडिओ केंद्र बसवले होते. लोक रस्त्यात गाडी उभी करायचे, गाडीच्या रेडिओवर ते केंद्र लावायचे आणि गाणे फक्त गाडीत वाजायचे. गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

माझी गत तीच. दिवे माझ्या मागे आणि डोक्यावर, आणि मला मान वळवता येत नाही. मला दिसायची फक्त माणसे. बंद काचांमागे सगळे एकदम माना हलवायचे, एकदम तोंडे उघडायचे, आवाज मात्र नाही. बहिऱ्याने कीर्तनाला बसावे तसे माझे झाले होते. पण शेवटच्या गाण्याला दर वेळी एक गोष्ट घडायची. गाडीतले सगळे ओसरीकडे बोटे दाखवायचे आणि पोट धरून हसायचे. लहान मुले तर सीटवर उड्या मारायची. माझ्या मखमली कोटाचा हा प्रभाव आहे, हे मला पहिल्याच वर्षी कळले होते. मी मान आणखी ताठ केली. मनातल्या मनात, अर्थात.

ड्वेन दर वर्षी लोर्नाच्या विनवण्या करायचा. नुसता रस्ता ओलांड, समोर उभ्या माझ्या पिकअप ट्रकमध्ये बस, एक गाणे बघ. लोर्नाचे उत्तर एका शब्दाचे असायचे. "गॅरेज." आता गॅरेज रिकामे करायचे तर दिवे ठेवायचे कुठे? दोघेही हट्टाला पेटलेले, आणि एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे अशी जोडी.

मग मागच्या हिवाळ्यात लोर्नाच्या बहिणीचा, डार्लीनचा, फ्लोरिडाहून फोन आला. तिच्याकडे एक खोली रिकामी होती. लोर्नाने विमानाचे तिकीट काढले आणि ते फ्रिजच्या दारावर लावून टाकले. नवे वर्ष लागले की ती जाणार होती, आणि इथून पुढे प्रत्येक हिवाळा तिकडेच काढणार होती. ड्वेनला त्याच्या वायरी लखलाभ असोत, असे ती फोनवर म्हणाली. मलाही ती बरोबर नेणार होती. डार्लीनने माझ्यासाठी पोहण्याचा पोशाख शिवायला घेतला होता. ठिपक्यांचा. मित्रांनो, मी सिमेंटची आहे. पाण्यात माझे काय होईल, याचा विचार त्या बाईने केला होता का?

ड्वेन भांडला नाही, हे जास्त वाईट होते. एका दुपारी तो माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसला आणि कॉफीचा कप हातात फिरवत राहिला.

"मिल्ड्रेड," तो म्हणाला, "त्या शेवटच्या गाण्यात काय आहे ते तिला सांगितलं, तर सगळी मजाच गेली. आणि नाही सांगितलं, तर ती गेली."

मला त्याची कीव आली. मी तेव्हा त्याच्या बाजूची झाले. पोशाखाचा प्रश्न होताच, पण तेवढाच नाही.

नाताळच्या आधीचा शनिवार उजाडला तोच सोसाट्याचा वारा घेऊन. संध्याकाळी बर्फ मिसळलेला पाऊस सुरू झाला. तरी गाड्यांची रांग लागली, आणि सगळ्यांत पुढे चर्चची व्हॅन, वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांनी भरलेली. अंगणाच्या मधोमध ड्वेनचे दिव्यांचे झाड उभे होते. झाड म्हणजे एक उंच लोखंडी खांब, त्याच्या शेंड्यापासून जमिनीपर्यंत घागऱ्यासारख्या पसरलेल्या माळा, आणि खांब सरळ राहावा म्हणून जमिनीत खुंट्या ठोकून ताणलेल्या तारा. त्या वर्षी जमीन अजून गोठली नव्हती. नुसता चिखल होता. रोषणाई रंगात आली आणि घराकडच्या तारेची खुंटी उपटून आली. खांब हळूहळू रस्त्याकडे, थेट व्हॅनच्या दिशेने झुकू लागला.

ड्वेन धावला. त्याला तारेला बांधायला काहीतरी जड हवे होते. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि माझ्याकडे पाहिले.

मी जन्मात कधी इतक्या वेगाने प्रवास केला नव्हता. मखमली कोटासकट त्याने मला उचलले, अंगणातल्या चिखलात घराकडे तोंड करून ठेवले आणि माझ्या पोटाला तार गुंडाळली. मी शर्थ केली. पण वाऱ्यापुढे माझे वजन काय पुरणार? मी इंच इंच घसरू लागले. शेवटी ड्वेनने खांबालाच दोन्ही हातांनी मिठी मारली आणि पाय रोवले. गाड्यांमधल्या लोकांना वाटले, या वर्षी नवीन प्रकार घेतलाय. त्यांनी हौसेने हॉर्न वाजवले.

हॉर्न ऐकून लोर्नाने दार उघडले. तिला आधी ओसरीवरची रिकामी जागा दिसली, मग मी.

"ड्वेन," ती म्हणाली, "माझी हंसीण."

"माझी पाठ," ड्वेन म्हणाला. "अगं, झाड पडतंय. व्हॅनमध्ये सगळी म्हातारी माणसं आहेत. ट्रक समोर उभाय, किल्ली आतच आहे. आण इकडे, तार त्याला बांधू."

नवऱ्यासाठी ती पायरी उतरली नसती. पण व्हॅनमधल्या अर्ध्या म्हाताऱ्या तिच्या ओळखीच्या होत्या. घरातला झगा, पायात सपाता, तशीच ती पावसात निघाली. रस्त्याकडे माझी पाठ होती, म्हणून तिकडचे हे ड्वेनच्या तोंडून नंतर ऐकलेले सांगते. रस्ता ओलांडून जाईपर्यंत तिने घराकडे एकदाही वळून पाहिले नाही. शपथ ती शपथ. ट्रकमध्ये बसून तिने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले, आणि त्याबरोबर रेडिओही. आता ट्रक आणायचा तर घराच्या दिशेने वळवायला हवा होता, आणि वळवायचा तर तिकडे पाहायला हवे होते.

लोर्नाने पाहिले. आणि ट्रक जागचा हलला नाही.

तेव्हाच मीही पहिल्यांदा पाहिले, मित्रांनो. आमचे घर मला ओळखूच येईना. छप्पर झुलत होते, खिडक्या उजळत होत्या, विझत होत्या. आणि ओसरीच्या वर, माझ्या रोजच्या जागेच्या अगदी डोक्यावर, दाराएवढी उंच, निव्वळ दिव्यांची एक हंसीण नाचत होती. तिच्या अंगात पिवळा रेनकोट होता. ठेका बदलला की गवती टोपी. मग जर्सी, मग टोपी, पुन्हा रेनकोट. लोर्नाने आजवर शिवलेला एकेक कपडा. बोटे दाखवून सगळे हसायचे ते हिच्याकडे. चार हिवाळे लोक कुणाला हसत होते, ते मला कळले. माझा गर्व तिथेच चिखलात बसला. मी आधीच बसलेली होते.

लोर्नाने ट्रकची काच खाली केली. अकॉर्डियनवर पोल्का नाचाची धून वाजत होती. तरुणपणी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये ज्या पोल्कावर ड्वेनने तिच्याबरोबर पहिला नाच केला आणि तिची दोन्ही पावले तुडवली, तोच हा.

"लोर्ना," ड्वेन ओरडला, "ट्रक आण!"

"थांब," ती म्हणाली. "चेटकीण आलीय."

"अगं, हात सुटतायत माझे!"

"धरून ठेव. अजून लाल कोट यायचाय."

तो धरून राहिला. दुसरे काय करणार? चार वर्षे जे मागितले ते त्याला मिळत होते, आणि ते मिळताना त्याचे दात वाजत होते. लाल कोट आला, पांढऱ्या लोकरीच्या कडेसकट, आणि गाणे संपले. लोर्ना रडत होती. उघड्या काचेतून मला ते स्पष्ट ऐकू आले आणि मलाही रडावेसे वाटले.

मग तिने ट्रक असा वळवून आणला, की शाळेच्या बसचा ड्रायव्हर लाजावा. तार ट्रकला बांधली गेली. खांब सरळ झाला. व्हॅनमधून टाळ्या पडल्या. लोर्नाने मला पोटाशी धरून उचलले, हो, तिने एकटीने, आणि ती ड्वेनसमोर येऊन उभी राहिली. तो धापा टाकत तिच्या तोंडाकडे बघत होता.

"रेनकोटला चार बटणं आहेत," ती म्हणाली. "तू तीनच दाखवलीस."

"चौथं पंखाखाली जातं. दिसत नाही."

"दिसतं. मी शिवलंय. म्हणजे चार वर्षं अख्खी गल्ली चुकीचा रेनकोट बघतेय?"

ड्वेनने मान खाली घातली.

"आणि टोपीची फीत निळी आहे, हिरवी नाही. जर्सीच्या बाह्या तर बघवत नाहीत. हे सगळं नीट करायला अख्खा हिवाळा जाईल. डार्लीनला मी उद्या फोन करते."

फोन झाला. डार्लीन रागावली, मग निवळली. ठिपक्यांचा पोशाख टपालाने आला आणि लोर्नाने त्यातून माझ्यासाठी डोक्याला बांधायचा छान रुमाल काढला. गॅरेज अजूनही रिकामे झालेले नाही. उलट त्यात आता एक खुर्ची वाढली आहे, आणि जुलैच्या उकाड्यात आतून दोन माणसांचे पाय आपटणे ऐकू येते. लोर्नाची गाडी बर्फातच उभी असते, पण काचेवरचा बर्फ सकाळी ड्वेन खरवडतो.

माझे म्हणाल तर माझ्या चोचीचा रंग उडालाय आणि शेपटीचा टवका त्या रात्री चिखलात राहिला तो राहिलाच. तक्रार नाही. तुमच्या ओसरीवर कुणी सिमेंटचे, लाकडाचे, मातीचे बसले असेल, तर वर्षातून एकदा रंगाचा हात फिरवा, आणि चिखलात न्यायची वेळ आलीच तर आधी कोट काढून ठेवा. आणखी एक मागणे आहे. तुमच्या घरातही कुणीतरी काहीतरी करत बसलेले असेल. घरात बसून तुम्हाला त्याची पाठ दिसते आणि पसारा दिसतो. एकदा समोर जाऊन बघा. रस्ता फार रुंद नसतो, मित्रांनो. आमचा तर सपाता घालूनही ओलांडता येतो.