निळ्या गायीचे डोके

मित्रांनो, मी आल्प्समधल्या एका गावाच्या दूधघराची जुनी भिंत आहे. हे गाव मला आवडत नाही. का, ते ऐका.

माझे दगड या लोकांच्या आजोबांनी नदीतून आणले, तेही भांडत. पुढे पन्नास वर्षे नातवंडांनी मला टेकून एकमेकांची निंदा केली. मग एकोणीसशे छप्पन्न साली गावाने शहरातला नावाजलेला चितारी बोलावला, रेमी बागनू. संध्याकाळपर्यंत रंगवून होईल तेवढाच ओला चुना तो रोज सकाळी माझ्यावर लिंपी. ओल्या चुन्यात रंग मुरतो. सुकलेला चुना कोणाचे ऐकत नाही.

डोंगरावरून उतरणारा गायींचा कळप त्याने चक्क निळा रंगवला. मला वाटले, आता निळ्यावरून बोंब होणार. छे!

"निळ्या असू देत," सरपंच सिप्रियाँ म्हणाला, "पण पुढे कोण चालतेय? ती शिंगं फिलोमेनच्या गायीची आहेत!"

विधवा फिलोमेनच्या गायीने त्या वर्षी झुंजीत गावच्या सगळ्या गायींना हटवले होते. जिंकेल ती कळपाची राणी आणि पुढे चालायचा मान तिचा, अशी इथली रीत.

"उन्हाळाभर वर कुरणात राहिलो मी," रेमी म्हणाला. "पुढे तीच असायची."

"चितारीबुवा, तुम्ही रंगाचं बघा. गायींचं आम्हाला कळतं."

ग्रामसभा भरली. हात वर करायचा हक्क तेव्हा फक्त पुरुषांना होता. फिलोमेन दाराबाहेर उभी राहिली. आत एकोणचाळीस हात वर झाले. दुसऱ्या दिवशी छिन्नीने पुढच्या गायीचे डोके खरवडले गेले. मला दुखले का, हे कोणी विचारले नाही.

रेमीने तेवढ्या जागी ओला चुना लिंपला. "बोला, आता कोणाच्या गायीची शिंगं रंगवू? दुपारपर्यंत वेळ आहे."

"माझ्या गायीची," सिप्रियाँ म्हणाला.

"तुझ्या? ती तर माझ्या कालवडीला बघून पळाली!" गर्दीतला एक शेतकरी ओरडला.

"पळाला तुझा बाप!"

रेमी शिडीवर बसून पाव-चीज खात राहिला. ऊन माझ्यावर चढले, भांडण त्याहून वर चढले. दुपारी त्याने चुन्याला बोट लावले, "सुकला" म्हणाला आणि कुंचले धुतले.

फिलोमेन त्याला बसपर्यंत पोचवायला गेली.

"वाईट वाटून घेऊ नका, काकू."

"मला कशाला वाईट वाटेल? डोकं नसलं तरी पुढे तीच चालतेय ना!"

तो परत आला नाही. सिप्रियाँची गाय अजून डोक्यासकट मागेच आहे. मित्रांनो, ऊन, बर्फ, गुरांचे अंग घासणे, सगळे मला सोसते. चित्रे जपायची असतील, तर भिंतींना आधी माणसांपासून जपा.