अक्षरं जातील, चालेल का?

बाबांच्या वेबसाइटवर पुन्हा प्रश्नचिन्हांचा सडा पडला आणि माझं डोकं फिरलं.

बाबा निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या आठवणी ते लिहू लागले, म्हणून मी त्यांना साइट करून दिली. साध्या फाइलीत लिहायचं, एक बटण दाबायचं, पानं आपोआप तयार. पथ्य एकच: फाइल सेव्ह करताना खालच्या चौकटीत ‘यूटीएफ-८’ निवडायचं. दुसरं काही निवडलं की मराठी अक्षरं पुसली जातात आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. फाइल एकदा बंद झाली की लेख नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. ‘तुम्हाला हे एकट्याने जमलं की मी निघते,’ असं मीच मोठ्या तोंडाने कबूल करून बसले. रुजू व्हायची तारीख ऑफिसने एकदा पुढे ढकलली होती. आता सोमवारी गेले नाही तर नोकरी हातची जाणार. आणि बाबांना काही केल्या जमेना. मी चौकटीचं चित्र काढून पडद्याच्या कडेला चिकटवलं. लाल पेनाने बाण काढला. तरी प्रश्नचिन्हं. मग बाबा लेख पुन्हा तोंडी सांगायचे, मी शेजारी बसून टाइप करायची, दोघांचा चहा निवायचा. घराच्या भिंती अंगावर यायला लागल्या होत्या. बाबांचा इतका राग यायचा की माझी मलाच लाज वाटायची.

शनिवारी दुपारी मी वाळलेले कपडे घेऊन त्यांच्या मागे येऊन थांबले. त्यांना चाहूल लागली नाही. लेख संपवून त्यांनी ती चौकट उघडली. ‘यूटीएफ-८’ आधीच निवडलेलं होतं. त्यांनी ते बदललं. पडद्यावर सूचना आली: काही अक्षरं नष्ट होतील, चालेल का? बाबांनी चष्मा नीट केला, सूचना शेवटपर्यंत वाचली आणि ‘हो’ दाबलं.

हा माणूस नवीन मिक्सरसुद्धा माहितीपत्रक वाचल्याशिवाय चालू करत नाही.

“बाबा, तुम्ही वाचलंत ते.”

ते दचकले. मागे वळले नाहीत.

“वाचलं.”

“मग? मूर्ख बनवताय मला? इतके दिवस?”

“तू म्हणालीस ना, जमलं की जाईन.” त्यांचा हात माउसवर तसाच होता. “मला पहिल्याच दिवशी जमलं गं. तू गेल्यावर कुणाला सांगू हे सगळं?”

“स्वतःचे लेख पुसत होतात तुम्ही!”

“लेख काय, पुन्हा सांगता येतो.”

मी पडद्याकडे पाहिलं. फाइल अजून बंद केलेली नव्हती, म्हणून पडद्यावरची अक्षरं जागेवर होती. बाबांनी पुन्हा ती चौकट उघडली, ‘यूटीएफ-८’ निवडलं, सेव्ह केलं, पानं तयार करायचं बटण दाबलं. हात जराही अडखळला नाही. साइटवर लेख उमटला, काना-मात्रेसकट स्वच्छ.

“झालं,” ते म्हणाले. “जा आता. बॅग भरायला घे.”

कपडे छातीशी धरून मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. सोमवारी मी जाणार होते. कुणी अडवलेलं नव्हतं. पण त्या खुर्चीतून मला उठवेना.