फुलसावंगीची गिटार

मित्रांनो, माझं लाकूड आता जुनं झालं आहे, पण तारा लावल्या की मी अजून बोलते. मी विजेवर वाजणारी गिटार. पोट पोकळ, छातीवर व्हायोलिनसारख्या दोन वळणदार खाचा. रंग मधोमध मधाचा, कडेला जांभळासारखा गडद. कलकत्त्याच्या कारागिराने मला इतकं निगुतीने घडवलं, की पाहणारा आधी हात फिरवायचा आणि मग विचारायचा, "हे काय आहे?"

नागपुरात मी एका हॉटेलच्या बँडमध्ये वाजले. लाउडस्पीकरच्या दुकानातला देवराव तिथे यंत्र जोडायला यायचा आणि वादकाकडून थोडं वाजवायलाही शिकायचा. बँड मोडला तेव्हा वादकाने मला त्याच्या हवाली केलं. पुढे आई आजारी पडली म्हणून देवराव मला घेऊन गावी, फुलसावंगीला परतला.

आई मथुराबाई मला पाहून आजारपणातही हसल्या.

"अरे देवराव, इजेचा बाजा आनला तुनं! गावात इज कोठी हाये?"

देवराव खट्टू झाला. त्याने मला खुंटीला टांगलं. कापूस वेचून झाला, तूर घरात आली, माझ्यावर धूळ बसत राहिली.

धर्मांतरानंतर वस्तीत गायन पार्टी उभी राहिली होती. बुद्धाची, बाबासाहेबांची गाणी गावोगाव व्हायची. देवरावची बायको प्रभावती त्यात होती. तिचा गळा गोड, पण बारीक. पेटी-ढोलकीपुढे तो ऐकू यायचा नाही, म्हणून पार्टीचे प्रमुख मारोतराव तिला मागे टाळ्या वाजवायला बसवत.

एकदा माझ्यावरची धूळ पुसताना तिचं बोट तारेला लागलं. माझ्या पोटात सूर घुमला. ती चमकली.

"अवो, हे तं इजेबिगर बोलते!"

मोठ्या आवाजाच्या नादात देवराव हेच विसरला होता. त्या दिवसापासून दोघं अंगणात बसू लागली. माझा आवाज खोल, उबदार, तिच्या गाण्याच्या अंगावर न जाणारा. मी वाजले की माझी पाठ देवरावच्या छातीशी थरथरायची. तो आईला म्हणाला, "माय, हात लावून पाह्य. हे नुसतं कानात नाही, आंगात वाजते."

मथुराबाईंनी तळवा ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही.

मग बुद्धजयंतीला उमरखेडचं बोलावणं आलं. तिथे वीज होती. अंगणातलं गाणं कानावर आलेल्या मारोतरावांनी प्रभावतीला पहिल्यांदाच पुढे बसवलं, पण बजावलं, "मशीन लाव देवराव. पार्टीची शान दिसली पायजे."

देवरावने माझी वायर लाउडस्पीकरच्या यंत्राला जोडली. कर्णा अगदी मागेच होता. त्याचा आवाज माझ्या पोकळ पोटात शिरला आणि मी किंचाळले. थांबता थांबेना. लोकांनी कानांवर हात ठेवले.

"बंद करा बे थे!" कोणीतरी ओरडलं.

प्रभावतीचा चेहरा उतरला. मारोतरावांनी पेटी पुढे आणायची खूण केली. ती मागे जायला उठू लागली.

"प्रभा, उठू नोको," देवराव म्हणाला.

त्याने यंत्र, कर्णा, सगळं बंद केलं आणि मला घेऊन मंचाच्या कडेला, लोकांच्या जवळ बसला. शेजारी प्रभावती. त्याने तार छेडली. पुढच्या रांगा गप्प झाल्या. मागचे ऐकू येईना म्हणून सरकत सरकत जवळ आले. प्रभावती गाऊ लागली. ढोलकीवाल्याने हात मांडीवर ठेवून दिले. एक म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "किती दिवसानं गान्यातला शबुद न् शबुद समजला वो बाई!"

गाणं संपल्यावर मारोतराव पेटी उचलून स्वतःच मागच्या रांगेत जाऊन बसले.

"आता तूच सांग वो प्रभावती, पुढचं कोनतं घेतं?"

त्यानंतर पुसदपासून उमरखेडपर्यंत पार्टीला तिच्याच नावाने बोलावणी येऊ लागली आणि मी तिच्या शेजारी असायचे. माझ्या आयुष्याचा मोठेपणा तोच.

मित्रांनो, माझ्यासारखं वाद्य घरात असेल तर उन्हाळ्यात त्याला पत्र्याखाली टांगू नका, लाकूड तडकतं. वाजवून झालं की तारांवरचा घाम पुसा. पण नुसतं पुसून ठेवूही नका, वाजवा. आणि शेजारी कोणी बारीक आवाजात गात असेल, तर आपला हात थोडा हलका ठेवा.